बाळ्यास, क्लीव्हलँडहून

प्रिय बाळ्या,

आठ महिन्यांनी लिहितोय, शिव्या मागाहून दे. तब्येत ठीक. गुडघा कुरकुरतो, तेवढंच.

आज पब्लिक स्क्वेअरवरच्या दगडी चर्चमध्ये जाऊन बसलो. प्रेस्बिटेरियन लोकांचं, पण सगळे ओल्ड स्टोनच म्हणतात. १८५५ची इमारत. वालुकाश्माच्या जाड भिंती, अर्धगोल कमानी, आणि कारखान्यांच्या काजळीने दगड असा काळवंडलाय की चूल आठवावी. १८५७ आणि १८८४, दोनदा आग लागली. दुसरी शेजारच्या थिएटरातून आली. मग आतलं सगळं श्वाइनफर्ट नावाच्या वास्तुकाराने नव्याने केलं. वर पिंपासारखं गोलाकार लाकडी छत आहे. तू असतास तर आधी ट्रस, म्हणजे छत पेलणारे त्रिकोणी सांगाडे, मोजले असतेस, मला बसू दिलं नसतंस.

बसलो, तर बाजूला ला फार्ज या चित्रकाराची रंगीत काचेची खिडकी. कोणाच्या स्मरणार्थ? अमासा स्टोन! हो, आपला ॲश्टाब्युलाच्या रेल्वेपुलावाला. लाकडी पुलांचा 'हाउ ट्रस' सांगाडा लोखंडात उतरवायचा हट्ट त्याचाच. त्याच्या इंजिनिअरने, टॉमलिन्सनने, शंका काढली, तर त्याला घरी बसवलं. पूल ११ वर्षं टिकला. २९ डिसेंबर १८७६ला बर्फाच्या वादळात गाडीसकट खाली; ९०च्या वर माणसं गेली. आणि हा स्टोन म्हणत राहिला, पूल चांगलाच होता, गाडीच घसरली. हॉस्टेलवर तू ओरडत होतास, चूक ओतकामाची. मी म्हणत होतो, माणसाची. चार दिवस अबोला धरला होतास, तोही माझाच चहा पिऊन.

आता ऐक. गेल्या महिन्यात ऑफिसातल्या एका नव्या पोरीने माझ्या गॅलरीच्या ब्रॅकेटवर बोट ठेवलं, "सर, वेल्ड कमी पडेल." मी काय म्हणालो? "वीस वर्षं हेच करतोय." ड्रॉइंग पुढे गेलं. तेव्हापासून ती मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही, आणि खरं सांगू, मला ते सोयीचं वाटत होतं. त्या खिडकीखाली तेच टोचलं. घरी येऊन तीनदा हिशोब केला. दोनदा बसतो, एकदा नाही.

वहिनींचं ऑपरेशन नीट झालं ना? सोनूची ॲडमिशन? कळव.

फॅब्रिकेशन बुधवारी सुरू होतंय. उद्या सकाळी ड्रॉइंग थांबवतो आणि तिला बोलावतो. काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही. हिशोबाची दोन पानं जोडलीत. नेहमीसारखं लाल पेन घे, आणि तिसऱ्या ओळीपाशी जरा थांब.

तुझा,
दिग्या