ओळंबा लावून पाय बघणाऱ्या डॉक्टरांना

आदरणीय डॉक्टरसाहेब,
सादर नमस्कार.

मी कात्रजचा फरशी मिस्त्री, उजव्या गुडघ्याचा पेशंट. तुमच्याकडे रोज इतकी माणसं येतात की नावावरून आठवणार नाही, पण ओळंब्याची (भिंत सरळ आहे का ते बघायच्या वजन बांधलेल्या दोरीची) गोष्ट म्हटलं की लगेच आठवेन. मी बोलतोय आणि थोरली मुलगी मोबाइलवर लिहून घेतेय. चारचौघांत अशासाठी लिहितोय, की उकिडवं बसून पोट भरणारे माझ्यासारखे पुष्कळ जण गुडघा चोळत दिवस काढतायत. त्यांच्यापर्यंत हे पोचावं.

22 वर्षं फरशी बसवतोय. कोथरूड, बाणेर, वाकड, किती फ्लॅट झाले त्याचा हिशेब नाही. तीन वर्षांपूर्वी गुडघा आतल्या अंगाने ठणकायला लागला. आधी जिना उतरताना, मग रात्री झोपेतही. गोळ्या झाल्या, तेल झालं, इंजेक्शन झालं. पाय धनुष्यासारखा बाहेर वाकत चाललाय असं बायको सांगायची, मी मनावर घेतलं नाही. एका ठिकाणी एमआरआय बघून पाच मिनिटांत सांगितलं, "गादी संपली, गुडघा बदला." मी विचारलं, उकिडवं बसता येईल का? "ते काम आता विसरा." माझं वय 44. दोन मुली शिकतायत. त्या दिवशी स्वारगेटला कात्रजच्या चार बस माझ्यासमोरून गेल्या, मला उठावंसं वाटलं नाही.

तुम्ही रिपोर्ट बाजूला ठेवलात आणि म्हणालात, "मिस्त्री, काम कसं करता ते बसून दाखवा." मी भिंतीला धरून जमेल तेवढा बसलो. मग तुम्ही उभं राहून अख्ख्या पायाचा एक्स-रे काढायला पाठवलंत, खुब्यापासून घोट्यापर्यंत. स्कॅनोग्राम. त्याआधीचे माझे सगळे एक्स-रे नुसत्या गुडघ्याचे होते.

त्या फिल्मवर तुम्ही खुब्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत पट्टीने रेघ मारलीत. म्हणालात, "हा तुमचा ओळंबा. गुडघ्याच्या जवळपास मधून जायला हवा." माझा आतल्या कडेवरून जात होता. सरळ पायातही गुडघ्याच्या आतल्या बाजूवर 60 ते 70 टक्के भार असतो, पाय बाहेर वाकला की तो आणखी वाढतो, तिथली गादी झिजते, झिजली की पाय अजून वाकतो. बाहेरच्या बाजूची गादी मात्र शाबूत होती. हे मला एका दमात समजलं. ढाळ चुकला की सगळं पाणी एकाच कोपऱ्यात साचतं. तो कोपरा कितीही पुसला तरी ओलाच राहणार, ढाळ सुधारावा लागतो.

तुम्ही ढाळ सुधारलात. नडगीचं हाड गुडघ्याच्या खाली आतल्या बाजूने कापलंत, पण आरपार नाही. बाहेरच्या बाजूला साधारण एक सेंटिमीटर हाड बिजागरीसारखं ठेवलंत. फट 10 मिलिमीटर उघडलीत आणि प्लेट स्क्रूंनी बसवलीत. आता ओळंबा मध्याच्या थोडा बाहेर पडतो, आतल्या कडेपासून मोजलं तर सांध्याच्या रुंदीच्या सुमारे 62 टक्क्यांवर. या ऑपरेशनला हाय टिबियल ऑस्टिओटॉमी म्हणतात. मूळ पद्धत 1960 च्या दशकापासूनची आहे, पण आधी कॉम्प्युटरवर कोन मोजायचा आणि जिचे स्क्रू प्लेटमध्येच घट्ट बसतात अशी लॉकिंग प्लेट लावायची, हे त्या मानाने नवं, असं तुम्हीच सांगितलंत. मिलिमीटरचा हिशेब करणारा डॉक्टर भेटला म्हणून माझी भीती गेली. आमच्या कामात दोन मिलिमीटरची चूक पायाला लागते.

तुम्ही खोटी आशा दाखवली नाहीत, याचे आभार वेगळे मानायचेत. "हे कायमचं नाही. दहा वर्षं तरी मूळचा सांधा टिकावा अशी अपेक्षा आहे, पुढे कदाचित बदलावा लागेल. पण या वयात आणि या कामाला कृत्रिम सांधा लवकर झिजेल, आणि तो पुन्हा बदलणं पहिल्यापेक्षा अवघड असतं." आणि तंबाखू. "तोंडातलं थुंकून या. निकोटीनने हाड जुळायला उशीर होतो. सोडल्याशिवाय मी तारीख देणार नाही." 20 वर्षांची सवय होती. बायकोने देवाला सांगून जे झालं नाही, ते तुमच्या त्या एका वाक्याने झालं.

पैशांचंही तुम्हीच काढलंत, मी लाजत होतो. धर्मादाय रुग्णालयात 10 टक्के खाटा निर्धन आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात, हे मला पुण्यात इतकी वर्षं राहून माहीत नव्हतं. समाजसेविका ताईंनी रेशन कार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेतला, बिल सवलतीत झालं.

पुढचे सहा आठवडे वॉकर. फिजिओच्या मॅडमनी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायला लावलं. पहिल्या दिवशी मांडी हललीसुद्धा नाही, मी रडलो. त्या म्हणाल्या, "काका, अजून एकदा," आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. त्यांनाही हे वाचून दाखवा.

आता आठ महिने झाले. हाड भरलंय. पूर्ण उकिडवं अजून बसत नाही, तुम्ही सांगितल्याप्रमाणे लाकडी पाटावर बसतो आणि दर अर्ध्या तासाने उठतो. गेल्या आठवड्यात धनकवडीत एक बाथरूम एकट्याने केलं. बादलीभर पाणी ओतून बघितलं, सगळं नहाणी ट्रॅपकडे गेलं.

एक विनंती आहे. तुमच्या ओपीडीच्या दारातली डावीकडची दुसरी फरशी पोकळ वाजते. बाकड्यावर बसून मी ती कितीदा तरी ऐकलीय, कुबडी टेकली की हलते. कुणी पेशंट तिथे घसरायला नको. रविवारी सकाळी सामान घेऊन येतो, तासाभराचं काम आहे. शिपाईदादांना तेवढं सांगून ठेवा, आणि मजुरीचं विचारू नका.

आपला,
कात्रजचा मिस्त्री