हरणीचं बाळंतपण

जत, १ फेब्रुवारी

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि आई मध्येच फोन काढून घेऊन "सगळं बरं आहे म्हणतीय" असं परस्पर सांगून टाकते. म्हणून पत्र. तसंही पोस्टात उभा जन्म गेलेल्या माणसाला कागदावर आल्याशिवाय बातमी पटत नाही. आई, तू वॉकर सोडून दारापर्यंत जातेस असं दादा म्हणाला. जिना एवढ्यात नको.

आता आपल्या हरणी कुत्रीचं. पाच पिल्लं आहेत, तीन माद्या आणि दोन नर, एवढं तुम्हाला कळलंय. बाकीचं मी फोनवर गाळलं.

बाबा, हरणी लावली त्या दिवशी तुम्ही कॅलेंडरवर ४ नोव्हेंबरला गोल करून "त्रेसष्ट दिवस, एखाददोन इकडेतिकडे" असं लिहून गेलात. पहिला महिनाभर ती गाभण आहे हेच मला खरं वाटत नव्हतं. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी ही जात, पोट दिसायला पाचवा आठवडा उजाडला. (टेबलाच्या काचेखालचं ते २००५ सालचं मुधोळ हाउंडचं, म्हणजे हरणीच्याच जातीचं, टपाल तिकीट परवा पुसून ठेवलं. 'मुधोळ कसलं, कारवानी म्हणा' हे तुमचं म्हणणं आता मीही डॉक्टरांना ऐकवते.) ३० डिसेंबरला एक्स-रे काढला. त्याआधी काढून उपयोग नसतो, पिल्लांची हाडं पुरेशी धरलेली नसतात. डॉक्टरांनी फिल्म खिडकीकडे धरली आणि पेनाच्या टोकानं पाठीचे कणे मोजले. सहा. हो, सहा.

मी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ तिचं तापमान घेत होते. १०१ च्या आसपास असायचं, ५ जानेवारीला सकाळी ९८.६ भरलं. ९९ च्या खाली उतरलं की चोवीस तासांत पिल्लं, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. तिनं भाकरीला तोंड लावलं नाही. मी फळ्या ठोकून केलेल्या खोक्यात दोनदा जाऊन आली, आणि शेवटी तुमच्या पलंगाखाली जाऊन फरशी उकरायला लागली. मग खोकंच सरकवून पलंगाशी आणलं. आत कडेनं बांबू बांधला होता, हरणीच्या अंगाखाली पिल्लू भिंतीशी चेंगरू नये म्हणून.

पहिलं रात्री एक वाजून चाळीस मिनिटांनी आलं. पिशवी तिनंच फाडली, नाळ तोडली, वार खाऊन टाकली. मी नुसती कंदिलासारखा मोबाईल धरून बसले होते. दुसरं, तिसरं तसंच. चौथ्याचे मागचे पाय आधी दिसले तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. गाईचं असं झालं की तुम्ही किती धावपळ करता ते मी पाहिलंय. डॉक्टर फोनवर म्हणाले, कुत्र्यात हे नेहमीचं आहे, ओढाओढ करू नको. आलं नीट. पाचवं झालं आणि मग काहीच नाही. ती शांत पडून होती, धापा टाकत नव्हती, कळाही देत नव्हती. दोन तास उलटले की थांबायचं नाही, गाडी काढायची, हे ठरलेलं होतं. म्हणून शेजारच्या तात्यांना उठवलं. त्यांनी पिकअप दारात लावेपर्यंत सहावं आलं. सगळ्यांत मोठं. पिशवी मीच फाडली, तोंड पुसलं, आई, तुझ्या हिरव्या पातळाच्या तुकड्यात धरून वीसेक मिनिटं चोळत राहिले. त्यानं श्वास घेतलाच नाही. सकाळी शेवग्याखाली पुरलं.

पाच पिल्लं किराणा दुकानातल्या काट्यावर ३४० ते ४१० ग्रॅम भरली. सगळ्यांना पहाटेच चीक मिळाला. थंडी फार होती. पहिल्या आठवड्यात पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, म्हणून बल्ब आणि फडक्यात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या. वजन रोज वहीत. बाराव्या दिवशी डोळे उघडले.

आई, तू डिंकाचे लाडू द्यायला सांगितलंस तेव्हा मी नुसतं "हं" म्हटलं. दिले नाहीत. त्यात बेदाणे असतात, आणि कुत्र्याला बेदाण्यानं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. आपल्या भागात घरोघर बेदाण्याच्या पेट्या, आणि हे कुणालाच माहीत नाही. शेवटचे तीन आठवडे तिला पिल्लांचं खाद्य, अंडी आणि चिकन दिलं, थोडं थोडं चार वेळा.

आता माझी चूक. गोठ्यातल्या फळीवर म्हशीची कॅल्शियमची बाटली असते ना, तिच्यातलं एक टोपण मी सहाव्या आठवड्यापासून रोज हरणीच्या खाण्यात घालत होते. कुणाला विचारलं नाही. बाळंतीण आहे, हाडं झिजतील, एवढीच अक्कल. २५ जानेवारीला दुपारी ती खोक्यातून उठली ती लाकडी घोड्यासारखी. पाय ताठ, तोंडाला फेस, सगळं अंग थरथरत होतं. पिल्लांकडे बघेना. ताप १०५. तात्यांच्याच पिकअपमधून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियम दिलं, इतकं सावकाश की मला वाटलं सुई अडकली. एका हातानं सिरिंज, दुसऱ्या हातानं स्टेथोस्कोप तिच्या छातीवर, कारण घाईनं दिलं तर हृदयच थांबू शकतं. अर्ध्या तासात थरथर उतरली आणि तिनं माझं मनगट चाटलं.

मग मी टोपणाचं सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, मानेजवळ एक ग्रंथी असते, गरज पडली की ती हाडातून कॅल्शियम काढून रक्तात सोडते. गाभणपणात वरून देत राहिलं की ती आळसावते, आणि पान्हा जोरात सुरू झाला की एकदम जागी होत नाही, मग रक्तातलं कॅल्शियम घसरतं. म्हणजे जे होऊ नये म्हणून मी टोपण घालत होते, तेच होण्याची वाट मी मोकळी करून दिली. आता कॅल्शियम चालू आहे, पण त्यांनी लिहून दिलेलं आणि मोजून. पिल्लांना एक दिवस तिच्यापासून लांब ठेवून बाटलीनं पाजलं, दूध पावडर सांगलीहून मागवली. आता भिजवलेलं खाद्य ताटलीत पाय घालून खातात.

बाबा, तुम्ही दोघा पाव्हण्यांना "महिन्यात पिल्लू देतो" असा शब्द दिलाय. मी ३ मार्चच्या आधी एकही देणार नाही. आठ आठवडे पुरे होईपर्यंत पिल्लू विकायचं नाही असा २०१७ चा केंद्राचा नियम आहे. आपण विकत नाही, तरी कारण तेच. चावणं कुठवर चालतं हे ती भावंडांच्या अंगावर शिकतायत, रोज बघते. पाव्हण्यांना माझं नाव सांगा, मी वाईट झाले तरी चालेल.

आणि हरणीला पुन्हा लावायची नाही. एकदा झालेलं हे दुखणं पुढच्या वेताला परत येऊ शकतं. दूध आटलं की तिचं ऑपरेशन करून घेऊ म्हणते. तुम्हाला वंश टिकवायचाय हे माहीत आहे, म्हणून एक मादी आपण ठेवू. दोन नजरेत आहेत. एक कानाशी काळी, ताटलीवर सगळ्यांना ढकलून पुढे जाते. दुसरी हरणीच्याच रंगाची, ढकलत नाही, पण सगळ्यांच्या शेवटपर्यंत खात बसते. फोटोवरून ठरवू नका, हातात घेऊन बघा.

दादानं परतीचं तिकीट काढलं की गाडीची वेळ कळवा. मिरजेला मी येते. तात्यांची पिकअप नाही, आईला चढता यायचं नाही, भाड्याची गाडी सांगून ठेवते.

तुमची,
सुमी

ता.क. आई, हिरवं पातळ आता नेसण्यासारखं राहिलेलं नाही.