तुरीचा करार दिल्लीत, पेरणी वऱ्हाडात आणि झांबेझियात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

भारत आणि आफ्रिकेचा व्यापार वर्षाला 100 अब्ज डॉलरच्या घरात गेल्याचे आपल्या अंकात वाचले. बातमीत खनिज तेल होते, औषधे होती, दुचाकी आणि खाणी होत्या. तूर नव्हती. आमच्या भागात मात्र हा सगळा व्यापार तुरीच्याच रूपाने येऊन पोचतो, म्हणून हे पत्र.

2025 च्या जानेवारीत मी 11 क्विंटल तूर घेऊन बाजार समितीत गेलो होतो. हर्रास, म्हणजे लिलाव, आमच्या ढिगापाशी आला. व्यापाऱ्याने मूठ भरली, दाणे तळहातावर पसरले, एक दाताखाली फोडला. कट्ट आवाज आला, म्हणजे ओल नाही. माल चांगला आहे हे त्याला कळले आणि मलाही कळले. तरी बोली क्विंटलला 6900 वर थांबली. त्या हंगामाचा हमीभाव होता 7550. मी कारण विचारले तर तो शांतपणे म्हणाला, "पोर्टावर माल पडून हाय भाऊ. लेमन घ्या, गजरी घ्या, मटवारा घ्या. तुमच्या तुरीले कोन पुसते?"

हे शब्द आता आमच्या अडत्यांच्या तोंडी रुळले आहेत. लेमन म्हणजे ब्रह्मदेशची, म्यानमारची तूर. गजरी, अरुषा, मटवारा या आफ्रिकेच्या. मटवारा हे टांझानियातल्या बंदराचे नाव आहे, आणि आमच्याकडची शेंबडी पोरेसुद्धा ते घेतात. हमीभावाच्या खरेदीला अजून वेळ होता, मुलीची फी भरायची होती, मी माल दिला. त्याच जानेवारीत तुरीची खुली आयात आणखी एक वर्ष, 31 मार्च 2026 पर्यंत वाढवल्याची अधिसूचना निघाली. ती बरोबर आमच्या आवकेच्या तोंडावर निघाली. माझी तक्रार ह्या वेळेबद्दल आहे, आणि ती मी शेवटपर्यंत धरून ठेवणार आहे.

तूर बाहेरून आणूच नका असे म्हणणारा मी नाही. देशाला वर्षाला 45 लाख टनांच्या आसपास तूर लागते आणि पिकते 35 लाख टनांच्या आगेमागे. 2015 साली तूरडाळ किलोला 200 रुपयांपर्यंत गेली तेव्हा आमच्या गावातल्या मजुरांच्या घरी वरणाचे नुसते पाणी शिजत होते. वावरात तूर पेरणाऱ्यालाही उन्हाळ्यात डाळ विकतच घ्यावी लागते, कारण काढलेली तूर कर्जापायी आधीच निघून गेलेली असते. त्यामुळे 2016 च्या जुलैत पंतप्रधान मोझांबिकला गेले आणि तुरीचा करार झाला, तेव्हा त्यात मला काही वावगे वाटले नाही. पहिल्या वर्षी 1 लाख टन, पुढे वाढवत 2 लाख टन असे ठरले होते. 2021 मध्ये तो पाच वर्षांसाठी वाढवला, मलावीशी 50 हजार टनांचा आणि म्यानमारशी 1 लाख टन तुरीचा करार केला. त्याच्याही आधी, 2008 मध्ये, सर्वात गरीब देशांच्या मालाला भारताने आयात शुल्कात सवलत दिली होती. गरीब देशाच्या मालाला आपले दार उघडे ठेवणे ही चांगलीच गोष्ट आहे, असे मी मनापासून मानतो.

पण त्या दाराच्या पलीकडे कोण उभा आहे हे मला मार्चमध्ये कळले. माझा भाचा अकोल्याकडे एका दालमिलमध्ये कामाला आहे. त्याच्याकडे गेलो असताना मोझांबिकचे पोते उसवले जात होते. दाणा आमच्यापेक्षा बारीक आणि पांढुरका होता. मी मूठ भरली तर दाण्यांत वाळलेल्या शेंगेचा एक तुकडा आला. एका कप्प्यातून दाणा गेलेला, दुसऱ्यात अजून तसाच. थ्रेशरमधून काढलेल्या तुरीत अशी शेंग सहसा राहत नाही. ही काठीने झोडपलेली तूर होती. माझ्या लहानपणी आई आणि काकू खळ्यावर अशीच तूर बडवायच्या आणि संध्याकाळी राहिलेल्या शेंगा निवडत बसायच्या. तो तुकडा मी खिशात घालून घरी आणला. अजून देव्हाऱ्याजवळच्या कोनाड्यात आहे.

मोझांबिकच्या झांबेझिया, नांपुला या प्रांतांत लहान शेतकरी ही तूर पेरतात. त्यांच्या घरात ती फारशी शिजत नाही, ती आपल्यासाठीच पेरली जाते. त्यांच्याकडे हंगाम उलटा. आपली तिफण निघते तेव्हा त्यांच्या शेंगा भरत आलेल्या असतात, आणि आपण डिसेंबर-जानेवारीत तूर सोंगतो तेव्हा ते पुढची पेरणी करतात. त्यांचा माल ऑगस्टपासून आपल्या बंदरांत उतरू लागतो आणि आपली आवक सुरू होते तेव्हा गोदामे भरलेली असतात. ज्या बियाण्यावर ते उभे आहेत त्यातले काही वाण हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेने काढलेले आहेत. आमच्या वावरातली 'आशा' तूरही त्याच इक्रिसॅटची.

आता 2016-17 आठवून पाहा. दोन वर्षे डाळ महाग, म्हणून सगळ्यांनी तूर लावली आणि देशात 48 लाख टनांच्या वर पीक आले. बोनस धरून हमीभाव 5050 होता, बाजारात 4000 च्या खाली विकावी लागली. खरेदी केंद्रावर बारदाना नाही म्हणून आम्ही रात्री ट्रॅक्टरखाली झोपून काढल्या. हे सगळे होऊन गेल्यावर, 2017 च्या ऑगस्टमध्ये सरकारने तुरीच्या आयातीवर 2 लाख टनांची मर्यादा घातली. करारातली तूर तीतून वगळली होती, तरी आफ्रिकेत भाव कोसळले. तिथल्या शेतकऱ्यांनीही भारताच्या मागणीकडे पाहूनच पेरा वाढवला होता. म्हणजे आम्ही बुडालो तेव्हा दार उघडे होते आणि ते बुडाले तेव्हा बंद झाले. एकाच वर्षात दोन्ही ठिकाणच्या शेतकऱ्याला फटका बसला, आणि दोघांनाही पेरताना काही कळले नव्हते.

असा फटका काय असतो हे विदर्भाला वेगळे सांगायला नको. वरुड-मोर्शीचा संत्रा बांगलादेशच्या भरवशावर होता. तिथे 2019 मध्ये किलोला 20 टका (टका हे तिथले चलन) शुल्क होते, ते वाढत 2023 पर्यंत 88 टक्यांवर गेले. ढाक्यात एक आकडा बदलला आणि इकडे झाडावरची फळे बागवानाला नकोशी झाली. माझ्या मेहुण्याने बारा वर्षांची बाग काढून टाकली. ती तोडताना तो एक शब्द बोलला नाही. तेव्हा दिल्लीतला आकडा बदलला की झांबेझियातल्या घरात काय होत असेल, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

उलटही घडते. 2023 च्या अखेरीस, आपल्याकडे तुरीची टंचाई असताना, मोझांबिकच्या नाकाला या बंदरात भारताकडे निघालेला माल तिथल्या निर्यातदारांच्या भांडणात अडकून पडला होता. पुढच्या मे महिन्यात अकोल्यात तूर 12 हजारांच्या वर गेली. त्या भावाला आमच्यापैकी कितीजणांच्या घरात तूर शिल्लक होती?

आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे, कारण गावात सगळा राग आफ्रिकेच्या नावाने निघतो. डिसेंबर 2023 पासून ऑक्टोबर 2025 पर्यंत पिवळा वाटाणा शुल्काशिवाय येत होता. 2024-25 मध्ये तो 20 लाख टनांच्या वर आला, आणि तो प्रामुख्याने कॅनडा आणि रशियाचा, म्हणजे हजारो एकरांच्या यंत्रशेतीचा. बेसनात तो मिसळतो, स्वस्त डाळ म्हणून खपतो, हरभऱ्याबरोबर तुरीलाही खाली ओढतो. काठीने तूर झोडपणाऱ्या मोझांबिकच्या बाईला मिळते तीच शुल्कमाफी कॅनडाच्या वाटाण्याला का दिली? गरीब देशाशी जोडलेले नाते आणि स्वस्त मिळतो म्हणून उचललेला माल, यांत सरकारने फरक केला पाहिजे.

मोझांबिक, मलावी आणि म्यानमारच्या 2021 च्या करारांची मुदत 2025-26 पर्यंतची होती. त्यापुढचे करार कुठल्यातरी टेबलावर लिहिले जातील. ते लिहिणाऱ्यांना माझे सांगणे आहे की आयात किती, कधीपर्यंत आणि कुठल्या शुल्काने, हे निदान तीन वर्षांचे एकदम ठरवा. आमच्यासाठी ते मे महिन्यात, मृग लागायच्या आत जाहीर करा आणि त्यांच्यासाठी नोव्हेंबरच्या आत. मध्येच बदल करायची वेळ आली तर तो पुढच्या पेरणीपासून लावा, उभ्या पिकावर लावू नका. डिसेंबर ते मार्च, आमची आवक चालू असताना, हमीभावापेक्षा कमी दराने पडणारी तूर गोदामातून बाजारात सोडू नका. आणि करारात नुसते टन लिहू नका, तिथल्या शेतकऱ्याला किमान काय भाव मिळेल तेही लिहा. तिथे मातीमोलाने घेतलेली तूरच इथे माझा भाव पाडते.

2025 च्या अर्थसंकल्पात तूर, उडीद, मसूर नोंदणी केलेल्या शेतकऱ्यांकडून चार वर्षे देऊ तेवढी खरेदी करण्याचे वचन दिले आहे. 2025 च्या खरिपासाठी 8000 हमीभावही जाहीर झाला. वचन पाळले जावे, एवढेच म्हणतो. पण खरेदी केंद्र महिनाभर उशिरा उघडले तर लहान शेतकऱ्याचा माल तोवर विकून झालेला असतो, जसा माझा झाला.

मी यंदाही पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, तूर लावणार आहे, आठ तासांमागे (ओळींमागे) एक तास तुरीचे. तुराट्या चुलीला होतात, पाला जमिनीला होतो, आणि घरचे वरण लागतेच.

आपल्याकडे एक मागणी आहे. आपल्या बाजारभावाच्या रकान्यात अकोला, अमरावती, वाशीम, कारंजा इथले तुरीचे भाव रोज येतात. त्यांच्याच खाली मुंबई बंदरातला लेमनचा, गजरीचा आणि मटवाऱ्याचा भाव रोज छापावा. दुसरी ओळ हंगामात आठवड्यातून एकदा द्यावी, किती माल उतरला आणि किती गोदामात आहे याची. व्यापाऱ्याला हे आकडे सकाळी फोनवर कळतात. आम्हाला ते हर्रासाच्या आधी कळले पाहिजेत.

आपला,
एक तूर उत्पादक शेतकरी
जि. वाशीम