समोरच्याने डिपर दिला म्हणजे काय?

चि. केतकीस,
बाबांचे अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू सहज सांगून टाकलंस की नाताळच्या सुट्टीत म्युनिचहून पॅरिसला गाडीनेच जाणार, सोबत फक्त एक मैत्रीण. आईने लगेच "विमान नाही का?" विचारलं. मी बोललो नाही, कारण तू गाडी चांगली चालवतेस हे मी शेजारी बसून पाहिलंय. पण रात्री झोप लागेना. शेवटी उठून जूनमधली वही काढली, आपल्या प्रवासाचे रोजचे किलोमीटर आणि रस्त्यावर दिसलेलं काहीबाही लिहून ठेवलेली. तीच समोर ठेवून लिहितोय.

तुला इटलीतल्या गार्डा तलावाच्या काठचा तो पेट्रोल पंप आठवतो का? त्याआधीची गोष्ट म्युनिचची. तुझ्या घराजवळच्या गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या, मधून एकच गाडी जाईल एवढी वाट. समोरच्याने डिपर दिला, म्हणजे हेडलाइट क्षणभर चमकवले. मी म्हणालो, "थांब, तो येतोय." आपल्याकडे डिपरचा अर्थ तोच, मी येतोय, तू थांब. तू म्हणालीस, "बाबा, तो मला आधी जा म्हणतोय." आणि खरंच तो थांबला होता. तू हात वर करून निघून गेलीस. मी ते वहीत लिहिलं.

चार दिवसांनी इटलीत तू डावीकडे पंपावर वळायला थांबली होतीस. समोरून येणाऱ्या गाडीने डिपर दिला आणि तू क्लच सोडलास. तो थांबणारा नव्हता. त्याचा डिपर आपल्या आंबा घाटातला होता. मी ओरडलो, तू ब्रेक दाबलास, गाडी बंद पडली आणि तो आपल्या बंपरपासून हातभर अंतरावरून गेला. आईला आपण दोघांनीही हे सांगितलेलं नाही. त्यात तुझी चूक होती असं मला आजही वाटत नाही. जर्मनीत दोन वर्षांत अंगवळणी पडलेली सवय तू इटलीत वापरलीस, एवढंच झालं. ब्रिटनच्या हायवे कोड या वाहतूक-नियमांच्या पुस्तकात तर स्पष्ट लिहिलंय की दिवे लुकलुकवायचे ते फक्त मी इथे आहे हे सांगायला. बाकीचे अर्थ लोकांनी आपापल्या गावात ठरवलेत. तेव्हा फ्रान्समध्ये कुणी डिपर दिला तर त्याला "जा" समजू नकोस. त्याची चाकं थांबलेली दिसली तरच नीघ.

मला काळजी आहे ती याचीच. १९६८ च्या व्हिएन्ना करारामुळे रस्त्यावरच्या पाट्या युरोपातल्या बहुतेक देशांत सारख्याच दिसतात. लाल कडेचा उलटा त्रिकोण, पत्त्यांतल्या चौकटसारखी पिवळी पाटी, सगळं ओळखीचं. सरहद्दीवर बहुधा कुणी अडवतही नाही. देश बदलला हे डोळ्यांना कळतच नाही, पण समोरच्या माणसाची अपेक्षा बदललेली असते.

स्वीडनने ३ सप्टेंबर १९६७ ला पहाटे पाच वाजता अख्ख्या देशाची वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली. अपघात वाढतील असं कुणालाही वाटलं असतं, पण सुरुवातीला ते कमी झाले, कारण प्रत्येक जण नवशिक्यासारखा जपून चालवत होता. सवय झाली तसे ते पुन्हा पूर्वीसारखे झाले. म्हणून तुला सांगतो, स्ट्रासबुर्गला ऱ्हाईन ओलांडलीस की पहिला अर्धा तास नवशिकी हो.

फ्रान्समध्ये उजवीकडून येणाऱ्याचा हक्क लक्षात ठेव. पाटी नसलेल्या चौकात जर्मनीतही हाच नियम आहे, पण फ्रान्सच्या गावांत अगदी बारीक गल्लीतूनही माणूस मान न वळवता सरळ बाहेर येतो, कारण तो त्याचा हक्क आहे. तुझ्या रस्त्यावर ती पिवळी चौकट पाटी असली की तू आधी. तिच्यावर काळी तिरपी रेघ आली की तो मान संपला. आणि पॅरिसच्या आर्क द ट्रायम्फ या कमानीभोवतीच्या चौकात तू गाडी घालू नयेस अशी माझी इच्छा आहे. बारा रस्ते येऊन मिळतात, पट्टे आखलेले नाहीत, आणि इतर गोल चौकांच्या उलट तिथे आत शिरणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं. गाडी शहराबाहेर लाव आणि मेट्रोने जा.

वेगाचं तुला माहीत आहेच, तरी लिहितो. ऑटोबानवर १३० ही नुसती शिफारस, फ्रान्सच्या मोटरवेवर १३० ही मर्यादा, आणि पाऊस असेल तर ११०. दुपदरी साध्या रस्त्यांवर २०१८ पासून ८० केलंय, काही जिल्ह्यांनी पुन्हा ९० केलं, म्हणून पाटी बघ. चमकणारं जॅकेट डिकीत नको, सीटजवळ ठेव. रस्त्यावर उतरण्याआधी ते अंगात हवं.

आता वहीतलं एक पान. म्युनिचहून साल्झबुर्गकडे जाताना वाहतूक मंदावली. अजून सायरनही ऐकू आला नव्हता, आणि डाव्या पट्ट्यातल्या गाड्या डावीकडे, बाकीच्या उजवीकडे सरकू लागल्या. केसांत भांग पडावा तशी मधून वाट पडली. तूही बोलता बोलता सरकलीस. मी विचारलं तेव्हा म्हणालीस की हा कायदा आहे, वाट केली नाही तर किमान २०० युरो दंड आणि महिनाभर लायसन जप्त. ऑस्ट्रियात २०१२ पासून हेच, स्वित्झर्लंडमध्ये २०२१ पासून. थोड्या वेळाने त्या वाटेने अँब्युलन्स गेली, वेग फारसा कमी न करता.

मी तेव्हा खिडकीकडे तोंड केलं, ते का, हे तुला सांगितलं नव्हतं. तू लहान होतीस तेव्हा आंबा घाटात ट्रक आडवा झाला. पाच मिनिटांत दोन्हीकडच्या गाड्या एकमेकींच्या अंगावर घुसल्या. मी चालवत होतो त्या एसटीमागे एक जीप होती, साखरप्याहून एका अडलेल्या बाईला कोल्हापूरला नेत होते. तिचा नवरा प्रत्येक ड्रायव्हरच्या दाराशी जाऊन हात जोडत होता. मला गाडी वीतभरसुद्धा हलवता येत नव्हती. दीड तास गेला. पुढे त्या बाईचं काय झालं मला कळलं नाही. म्हणून तुला कळकळीने सांगतो, वेग कमी होतोय असं दिसताच सरक. एकदा गाड्या थांबल्या की इच्छा असली तरी सरकता येत नाही, हे मी भोगलंय.

स्वित्झर्लंडचं पान मात्र मी कितीदा तरी वाचतो. इटलीच्या कियावेन्नाहून मालोया खिंडीकडे चढताना वळणापलीकडून तीन सुरांचा भोंगा आला आणि पिवळी पोस्टबस, म्हणजे तिथल्या पोस्टाची प्रवासी बस, दिसली. डोंगरातल्या पोस्टाच्या रस्त्यांवर बाकीच्यांनी त्या बसच्या ड्रायव्हरचं ऐकायचं असतं. तो मागे घे म्हणाला तर मागे घ्यायची. आणि अरुंद चढावर उतरणाऱ्या गाडीने थांबायचं, चढणारीला जाऊ द्यायचं. हे वाचून मला घरी आल्यासारखं वाटलं. आमच्या घाटात जुने ड्रायव्हर हेच पाळत. चढावर थांबलेली भरलेली गाडी पुन्हा उचलणं किती जड जातं, हे ज्यांनी केलंय त्यांनीच तो नियम लिहिला असणार.

शेवटचं. युरोपात ट्रकवाल्याला साडेचार तास चालवल्यावर पंचेचाळीस मिनिटं थांबावंच लागतं, आणि यंत्र त्याची नोंद ठेवतं. तुझ्या कारला हा नियम नाही, पण तू पाळ. म्युनिच ते पॅरिस आठशे किलोमीटरच्या वर आहे. डिसेंबरात अंधार लवकर पडतो. बर्फावर मी कधी चालवलेलं नाही, म्हणून त्याबद्दल तुला काही शिकवणार नाही. फक्त टायरवर डोंगर आणि हिमकणाची खूण आहे का ते आजच बघ. पहिल्या दिवशी स्ट्रासबुर्गला मुक्काम कर. मैत्रीण चालवू शकत असेल तर तिला चालवू दे, आणि तू शेजारी झोपू नकोस.

आई म्हणते डिंकाचे लाडू परवा पार्सल करते.

निघताना मीटरचा फोटो पाठव, स्ट्रासबुर्गला पोचल्यावर एक आणि पॅरिसला गाडी लावल्यावर एक. वहीत तारखा घालून तीन ओळी मोकळ्या सोडल्या आहेत.

तुझे,
बाबा