एकाच मशीनवर प्रोग्रॅम उघडत नसेल तर आधी फॉरमॅट मारू नका

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात वाचकांच्या पत्रात एका वाचनालयाच्या कार्यकर्त्यांनी लिहिलं होतं की त्यांनी चार कॉम्प्युटरवर लिनक्स (विंडोजच्या ऐवजी चालणारी फुकटची सिस्टीम) घातलं, तीनवर सगळं चालतंय आणि चौथ्यावर एक प्रोग्रॅम काही केल्या उघडत नाही, शेवटी वैतागून ते मशीन चादर टाकून झाकून ठेवलंय आणि लिनक्स आपल्या खेड्यापाड्यातल्या संस्थांना झेपणारं नाही असं त्यांचं मत झालंय. ते वाचून मला दोन दिवस चैन पडली नाही, कारण अगदी हेच माझ्याकडे दिवाळीनंतर झालं आणि ते सुटलं. कसं सुटलं ते सविस्तर लिहितोय, पत्र लांबेल, पण मधलं कापू नका एवढी विनंती.

माझं खानापूर तालुक्यात डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, सोसायटीचे अहवाल, हळदीकुंकवाची आमंत्रणं, असलं काम. आमच्याकडं एकाच पत्रिकेत वरची बाजू मराठी आणि खालची कन्नड हे नेहमीचं आहे, कारण पाहुणे दोन्हीकडचे. इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिकलेल्या माणसाला त्याचं काही वाटत नाही, ज्या बटणावर मराठीत क येतो त्याच बटणावर कन्नडचाही क येतो, भाषा बदलली की झालं. तीन मशीनं आहेत, तिन्ही जुनी. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप पाहिजे, ती आमच्या मशीनांत नाही, म्हणून दोन मशीनं आम्ही दिवाळीच्या सुट्टीत पुसून लुबुंटू या लिनक्सच्याच हलक्या प्रकाराच्या २४.०४ व्हर्जनवर आणली. तिसरं मशीन २०२० पासूनच लुबुंटूवर होतं, त्याला फक्त वरच्यावर अपग्रेड देत आणलं, २०.०४ चं २२.०४ आणि आता २४.०४. म्हणजे तिन्हीकडं व्हर्जन एकच, इंकस्केप हा आमचा डिझाईनचा प्रोग्रॅमसुद्धा एकच. आणि तरी त्या तिसऱ्यावर इंकस्केप उघडेना. चिन्हावर क्लिक केलं की क्षणभर गोल फिरतंय आणि मग काहीच नाही, एक अक्षराची सूचना नाही की काय नाही.

त्यात हातात काम होतं एका गावच्या मराठी साहित्य संमेलनाच्या निमंत्रण पत्रिकेचं. आपल्या भागात हिवाळा आला की कडोली, येळ्ळूर, उचगाव अशी गावोगावी संमेलनं भरतात हे तुम्हाला मी काय सांगणार. गावकरी वर्गणी काढून करतात, त्यांची पत्रिका वेळेवर गेलीच पाहिजे. डिझाईनची मूळ फाईल, सगळे फॉन्ट, जुने ब्लॉक, सगळं त्याच तिसऱ्या मशीनवर.

शहरातून एक रिपेरीवाले बोलावले. त्यांनी पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाले, 'काका, हार्डडिस्क वीक झालीया, फॉरमॅट मारूया आणि विंडोजच टाकूया, डोक्याला ताप नको.' हार्डडिस्क कशावरून वीक म्हणाल, तर बाकी सगळं तर चालतंय. फायरफॉक्स चालतंय, फाईली उघडतायत, प्रिंट निघतंय. मी त्यांना चहा दिला आणि परत पाठवलं. मला राग त्यांचा नाही, गावोगाव फिरून पोट भरणारी माणसं आहेत ती, पण फॉरमॅट हा शब्द आपल्याकडं इतक्या सहज वापरला जातो की त्यात माणसांचं वर्षानुवर्षांचं काम पुसलं जातंय हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

माझा पुतण्या इंजिनियरिंग करून आता हुबळीला नोकरीला आहे, त्याला फोन लावला. तो म्हणाला, 'काका, आधी क्लिक करू नका, टर्मिनल, म्हणजे कमांड टाईप करायची खिडकी, उघडा आणि इंकस्केप एवढं नाव टाईप करून एंटर मारा, काय म्हणतंय ते जसंच्या तसं वाचून दाखवा.' सगळ्या प्रकरणात सगळ्यात मोलाची गोष्ट हीच होती. चिन्हावर क्लिक केल्यावर प्रोग्रॅम जे काय ओरडतो ते आपल्याला ऐकूच येत नाही, टर्मिनलमधून चालवला की ओळ समोर येते. ओळ आली ती अशी: सिम्बॉल लुकअप एरर, मग लिबपँगो नावाच्या फाईलचं नाव, आणि पुढं अनडिफाइन्ड सिम्बॉल म्हणून एचबी या अक्षरांनी सुरू होणारं एक लांबलचक नाव.

आपल्या लोकांना अशी इंग्रजी ओळ बघितली की धडकी भरते आणि खिडकी बंद करून टाकतात. पण तिचा अर्थ साधा आहे. लायब्ररी म्हणजे इथं वाचनालय नव्हे, अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात तो तयार कोड; तर पँगो ही अक्षरं मांडणारी लायब्ररी हार्फबझ नावाच्या दुसऱ्या एका लायब्ररीकडं काम मागायला गेली आणि तिथं तिला पाहिजे ते काम करणारा माणूसच सापडला नाही, एवढंच. आता हार्फबझ म्हणजे काय ते मराठी माणसाला माहीत असलंच पाहिजे असं मला वाटतं, कारण आपण स्क्रीनवर जे मराठी वाचतो त्यातलं बरंचसं त्याच्या हातून जातंय. आपण क, हलंत, ष टाईप केलं की त्याचा क्ष करायचा, पहिली वेलांटी टाईप होते नंतर पण दिसायला अक्षराच्या आधी, 'दऱ्या'मधला अर्धा र वेगळा आणि 'सूर्य'मधला रफार वेगळा, कन्नडमध्ये ओत्तक्षर (जोडाक्षरातलं दुसरं अक्षर) मूळ अक्षराच्या खाली बसवायचं, हे सगळं ठरवणारी ती लायब्ररी. नावसुद्धा फारसी आहे, हर्फ म्हणजे अक्षर आणि बाज म्हणजे उघडं.

तरीपण लगेच तिकडं उडी मारली नाही, पुतण्याने एकेक शक्यता खोडत नेली आणि ती पद्धत मला फार आवडली. पहिल्यांदा डिस्क भरलीय का ते डीएफ कमांडने बघितलं, जागा भरपूर. मग नवीन युजर अकाउंट काढून त्यातून चालवलं, कारण माझ्या अकाउंटमधली सेटिंगची फाईल बिघडली असेल तर नव्या अकाउंटात प्रोग्रॅम उघडला असता. तिथंही तीच एरर, म्हणजे गडबड माझ्या सेटिंगमध्ये नाही, सगळ्या सिस्टीममध्ये आहे. मग एपीटीने (लुबुंटूत प्रोग्रॅम घालायचं-काढायचं साधन) इंकस्केप काढून परत घातलं, फरक नाही. पँगो परत घातलं, फरक नाही. मग लुबुंटूच्या लाईव्ह पेनड्राईव्हवरून (त्यात सिस्टीम डिस्कवरून नाही, पेनड्राईव्हवरूनच चालते) तेच मशीन सुरू केलं आणि त्यात इंकस्केप घालून बघितलं, तर पटकन उघडलं! म्हणजे हार्डडिस्क वीक, रॅम वीक हा प्रश्नच मिटला, मशीन ठणठणीत आहे, जे काय आहे ते त्या डिस्कवरच्या सिस्टीममध्ये आहे.

मधेच माझ्या दुकानातल्या पोराने आणखी एक गोष्ट हेरली, की गिंप हा फोटोचा प्रोग्रॅमसुद्धा उघडंना झालंय. आम्ही गिंप रोज वापरत नाही म्हणून ते कळलंच नव्हतं. इंकस्केप आणि गिंप दोघंही अक्षरं काढायला पँगोवर अवलंबून, आणि फायरफॉक्स जे चालत होतं ते लुबुंटूमध्ये स्नॅप नावाच्या पॅकेजमधून येतं, स्वतःची शिदोरी स्वतःबरोबर बांधून आणतं, सिस्टीममधल्या लायब्ररीकडं हात पसरत नाही. काय चालतंय आणि काय चालत नाही याची यादी समोर ठेवली की अर्धं निदान तिथंच होतं.

मग पुतण्याने सांगितलं की एलडीडी कमांड चांगल्या मशीनवर चालवा आणि बिघडलेल्यावर चालवा, दोन्हीकडची उत्तरं शेजारी शेजारी ठेवून वाचा. एलडीडी हे सांगतं की एखादा प्रोग्रॅम कुठकुठल्या लायब्ररी कुठल्या फोल्डरमधून उचलतोय. यादी लांब आहे, शंभराच्या आसपास ओळी असतील, मी दोन्हींचं प्रिंट काढून पट्टी ठेवून एकेक ओळ ताडून बघितली, पंचांगात मुहूर्त शोधतात तसं. आणि सापडलं. चांगल्या मशीनवर हार्फबझ यूएसआर-लिब मधून येत होतं आणि बिघडलेल्यावर यूएसआर-लोकल-लिब मधून. एका ओळीचा फरक. डीपीकेजीला, म्हणजे घातलेल्या पॅकेजांची नोंद ठेवणाऱ्या साधनाला, विचारलं ही लोकलमधली फाईल कुठल्या पॅकेजची, तर उत्तर आलं की कुठल्याच नाही.

आता ही फाईल आली कुठनं? फोनवर पुतण्या थोडा वेळ गप्प झाला आणि मग त्यालाच आठवलं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तो घरी होता, तेव्हा एका फॉन्टमध्ये कन्नडची ओत्तक्षरं खाली बसायच्या ऐवजी बाजूला पडत होती, म्हणून त्याने हार्फबझचा तेव्हाचा ताजा सोर्स कोड (मूळ लिखाण) उतरवून कंपाईल करून (मशीनवर चालेल असा बनवून) घातला होता, २.७ व्हर्जन. तेव्हा ते काम चोख झालं होतं, त्याच्यावर आम्ही कितीतरी पत्रिका काढल्या. पण तो सोर्समधून घातलेला माल यूएसआर-लोकल मध्ये जातो, आणि एपीटीचा नियम असा की तिथं हात लावायचा नाही, ती जागा मालकाची. घरातल्या खोल्या एपीटी झाडतं पण परड्यात पाय टाकत नाही. त्यामुळं आम्ही २२.०४ ला गेलो, २४.०४ ला गेलो, आतलं सगळं बदललं, सिस्टीमचं स्वतःचं हार्फबझ ८.३ झालं, आणि परड्यात ते २.७ तसंच बसून राहिलं. त्यात दोन्हींचं बाहेरचं नाव एकच, शेवटी एसओ आणि शून्य, आणि लुबुंटूमध्ये लायब्ररी शोधताना यूएसआर-लोकल-लिब आधी बघितलं जातं. म्हणून दरवेळी जुनंच पुढं यायचं. २२.०४ मध्ये सिस्टीमचंही २.७ च होतं म्हणून कुणाला पत्ता लागला नाही, २४.०४ च्या पँगोने जेव्हा नवीन काम मागितलं तेव्हा ते जुन्याला माहीतच नव्हतं. एपीटीने कितीही वेळा परत घातलं तरी का फरक पडत नव्हता ते इथं उमगलं.

काढायचं कसं यात पण एक खाचखळगा आहे, तो लिहितो कारण यात आमचा अर्धा तास गेला. मी ती फाईल पुसली नाही, जपून म्हणून तिथंच तिच्या नावाच्या शेवटी 'जुनी' असं जोडलं आणि सुडो करून (मालकाच्या अधिकाराने) एलडीकॉन्फिग, म्हणजे लायब्ररींची यादी नव्याने करणारी कमांड, चालवलं. परत तीच एरर! एलडीकॉन्फिग त्या फोल्डरमध्ये लिब ने सुरू होणारी आणि मधे एसओ असलेली कुठलीही फाईल उचलतं, नुसतं शेपूट जोडून त्याला फसवता येत नाही, त्याने त्या 'जुनी'कडं बोट दाखवणारी नवी लिंक आपणहून तयार केली होती. मग वेगळा फोल्डर करून हार्फबझच्या सगळ्या फाईली तिकडं हलवल्या, परत एलडीकॉन्फिग, परत एलडीडी, आता यूएसआर-लिब दाखवायला लागलं. इंकस्केप टाईप केलं, एंटर मारला, उघडलं. संमेलनाची फाईल उघडली, सगळी अक्षरं जाग्यावर, दुकानातल्या पोराने टाळ्या वाजवल्या. पत्रिका दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने प्रेसला गेली.

म्हणून त्या वाचनालयाच्या मंडळींना माझं कळकळीचं सांगणं आहे की तुमचं चौथं मशीन चादरीखालून काढा. बिघाड हाच असेल असं नाही, तुमच्याकडं कारण वेगळं असू शकेल, बत्तीस बिटचं इन्स्टॉलेशन असेल, मधेच लाईट गेल्यामुळं अर्धवट राहिलेलं अपडेट असेल, आपल्या तालुक्यात पावसाळ्यात लाईटचा काय भरवसा हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्याला डीपीकेजी कॉन्फिगर ए म्हणून एक कमांड आहे ती बऱ्याचदा तेवढ्यावर भागवते. पण तीन मशीनवर चालतंय आणि एकावर नाही म्हणजे दोष प्रोग्रॅममध्ये असायची शक्यता कमी, त्या एका मशीनवर कधी काळी काय घातलं, कुणी घातलं, ते शोधायला लागेल. आणि तुमच्या नशिबाने बाजूला तीन चालणारी मशीनं आहेत! ताडून बघायला याच्यापेक्षा चांगलं काय पाहिजे.

आम्ही आता एक केलंय. प्रत्येक मशीनला एक शंभर पानी वही दोरीने बांधलीय, त्यात तारीख घालून लिहायचं, काय घातलं, कुठनं घातलं, एपीटीने की सोर्समधून, का घातलं. २०२० ला अशी वही असती तर आमचं हे काम दहा मिनिटांत झालं असतं.

संपादक महोदय, तुमच्याकडं एक मागणं आहे. शेतीची, आरोग्याची पानं तुम्ही देता, तशी आठवड्यातनं एकदा दोन कॉलम जागा या कामाला द्या. लोकांनी एरर जशी आली तशी लिहून पाठवायची आणि जाणकारांनी मराठीत अर्थ सांगायचा. आपल्या भागातल्या मराठी शाळा, वाचनालयं, युवक मंडळं यांच्याकडं देणगीत आलेले जुने कॉम्प्युटर भरपूर आहेत आणि इंग्रजी ओळीची भीती आणि जवळ विचारायला कुणी नाही एवढ्यासाठी ते पडून राहतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पहिल्या दोन-चार आठवड्यांचं लिखाण मी देतो, मानधन नको, आणि पुतण्याही तपासून द्यायला तयार आहे.

आणि त्या वाचनालयातलं कुणी खानापूरकडं येणार असेल तर दुपारी तीननंतर दुकानात या, तेव्हा गिऱ्हाईक कमी असतं. येताना 'उघडत नाही' एवढंच सांगू नका, टर्मिनलमधली पूर्ण ओळ मोबाईलवर फोटो काढून आणा, आणि चालणाऱ्या मशीनवरची एलडीडीची यादी पण.

आपला,
एक डीटीपीवाला वाचक
ता. खानापूर, जि. बेळगाव