सुध्याला पत्र: आपलं रीळ

प्रिय सुध्या,

तीन महिने तुझे फोन टाळतोय. कामात होतो वगैरे सगळं खोटं. तब्येत ठीक, गुडघे सोडून. आपलं रीळ गेलं रे.

डबा उघडला तर व्हिनेगरचा भपकारा. फीत आक्रसलेली, वेटोळी एकमेकांना चिकटलेली. ॲसिटेटची फीत दमट हवेत अशीच सडते, हे जगाला सांगत फिरणारा मी; डबा माळ्यावर टाकणाराही मीच.

गच्चीवर कुस्ती लावून तिची फिल्म काढायचं टुमणं मात्र तुझं होतं. सावेदादांनी, म्हणजे त्या हरिश्चंद्र भाटवडेकरांनी, १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी यांची कुस्ती टिपली, मग आपली गच्ची काय वाईट? त्यांनी २१ गिनी मोजून ब्रॅडफर्डहून कॅमेरा मागवला. तू मामाचा ढापलास. त्यांची फीत धुवायला लंडनला गेली. आपली कुठे गेली कोण जाणे, पण ती येईपर्यंत तू पोस्टमनचा जीव खाल्लास.

आणि पहिला भारतीय चित्रपट कुणाचा, तोरणे की फाळके, यावरून आपण वर्षभर बोललो नव्हतो! घे, आज कबूल करतो: तोरण्यांचा ‘पुंडलिक’ आधी, १८ मे १९१२. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३. तरी माझं मत फाळक्यांनाच. तोरण्यांनी नाटकासमोर कॅमेरा ठेवला, फीत विलायतेला धाडली. फाळक्यांच्या घरी सरस्वतीबाई अंधारात बसून फितीच्या कडेला भोकं पाडत, रसायनं कालवत, वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक. तू म्हणायचास, हे कष्ट झाले, पहिलेपणा नव्हे. म्हण.

विषय तो नाही. शेवटी मोऱ्याचा लंगोट सुटतो आणि पंच झालेले तात्या हसतात, आठवतंय? पोट धरून, कॅमेऱ्याकडे पाठ करत. एरवी फोटोसाठी ते असे बसायचे की जणू कोर्टात साक्ष आहे. तेवढं एकच हसणं होतं, आणि ते तू माझ्याकडे सांभाळायला दिलंस. काकूंना काय सांगू? मी सांगू की तू?

पोरीचं जमलं म्हणे, अभिनंदन! बदलीचं काय झालं? वहिनींना नमस्कार.

एक आहे. वरचे फेर गेलेत, पण गाभ्याजवळचे थोडे सुटे दिसतात. तात्या शेवटी येतात, म्हणजे सगळ्यात आत. माझा हात धजत नाही. डबा गार, कोरड्या जागी ठेवलाय. ये, शिव्या समोरच दे.

तुझाच,
दिग्या