किथिकॉरच्या कडेला

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू विचारलंस, "इतके देखणे नवे गेम पडलेत आणि तू पुन्हा त्या जुन्या एव्हरक्वेस्टमध्ये काय करतोयस?" तेव्हा मी काहीतरी थातुरमातुर बोललो आणि फोन ठेवल्यावर ते मलाच खटकत राहिलं. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर सोडून दिलं असतं. पण विचारणारा तू, आणि आपली ओळखच मुळी 1999 च्या त्या ऑनलाइन गेममधली, जिथे एकाच जगात अनेक जण मिळून खेळतात. म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

ती रात्र तुला आठवते का? मी माणसाच्या जातीचा योद्धा, अगदी नवखा. किथिकॉरचं जंगल दिवसा ठीक असतं, पण अंधार पडला की तिथे मेलेले उठून फिरतात, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यात माणसाच्या पात्राला अंधारात दिसत नाही, त्यामुळे स्क्रीन जवळजवळ काळीकुट्ट. कुठून काय आलं ते कळायच्या आत मी मेलो. आणि त्या गेममध्ये मरण स्वस्त नव्हतं. मिळवलेल्या अनुभवातला काही भाग गेला. तलवार, चिलखत, पैसे सगळं प्रेतापाशी जंगलातच राहिलं. आपण लांब कुठेतरी रिकाम्या हातांनी जिवंत व्हायचं आणि तिथून पायी परत यायचं. हाताशी नकाशा नाही. ठरावीक मुदतीत प्रेत गाठलं नाही, तर ते सामानासकट नाहीसं.

मी धावतपळत जंगलाच्या कडेला पोचलो तर तू तिथे बसलेला. मी काही लिहायच्या आत तू माझ्यावर लांडग्याचा मंत्र टाकलास, तो पायांना वेग देणारा. आणि लिहिलंस, "आत्ता आत जाऊ नकोस. उजाडू दे."

गेममधला अख्खा दिवस 72 मिनिटांचा. म्हणजे उजाडायला अजून वीसेक मिनिटं होती. तेवढा वेळ आपण नुसते बसलो आणि बोललो. तू तुझ्या परीक्षेबद्दल सांगितलंस, मी माझ्या नव्या नोकरीबद्दल. मग झाडांवर उजेड आला, तू म्हणालास कन्सेंट दे, म्हणजे प्रेत हलवायची परवानगी, मी ती कमांड टाइप करून पुढे तुझं नाव लिहिलं, आणि तू माझं प्रेत झाडांमधून ओढत ओढत कडेपर्यंत आणून दिलंस. तुझं त्यात काही काम अडलं नव्हतं. तुला मिळालंही काहीच नाही. तू थांबलास, एवढंच.

मला जे सांगायचंय ते त्या वीस मिनिटांत आहे. जुने गेम आपल्याला थांबायला लावायचे, आणि थांबलेल्या माणसाला शेजारचा माणूस दिसतो. मंत्र म्हणणाऱ्यांना माना, म्हणजे मंत्रांसाठी लागणारी शक्ती, भरून काढण्यासाठी जमिनीवर बसावं लागायचं, आणि सुरुवातीच्या लेव्हलना तर मंत्रांचं पुस्तक उघडलं की ते समोरचं सगळं दृश्य झाकून टाकायचं. तू बसलेला असायचास, तुला पुस्तकाशिवाय काही दिसत नसायचं, आणि राक्षस आलाच तर मी ओरडेन यावर तुझा भरवसा. ओरडणंही किती आपलं होतं! क्रशबोनच्या किल्ल्यात कुणाच्या मागे ऑर्कांचं, म्हणजे तिथल्या राक्षसांचं, लटांबर लागलं की तो दाराकडे पळता पळता "ट्रेन!" असं लिहायचा आणि दाराजवळ बसलेले सगळे एकदम उठायचे. त्या एका शब्दात धोका होता, माफी होती आणि इतरांची काळजीही होती.

आता नव्याबद्दल. मध्यंतरी एक नवा गेम मी मनापासून खेळून पाहिला. दिसायला अप्रतिम, लढाई चपळ. एका संध्याकाळी चार अनोळखी खेळाडूंबरोबर तीन डंजन, म्हणजे राक्षसांनी भरलेली भुयारं, पार केली. बटण दाबलं, यंत्राने ग्रुप जुळवला, उचलून थेट दारात नेऊन ठेवलं, शेवटचा राक्षस पडला आणि सगळे गायब. "हाय" सुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी त्यातल्या एकाचंही नाव मला आठवेना, आणि त्याचं मला खरंच वाईट वाटलं. ती माणसं वाईट नव्हती. त्यांना माझी आणि मला त्यांची ओळख करून घ्यायची गरजच कुठे पडली नव्हती.

हा बदल एका दिवसात झाला नाही, पण त्यातली एक पायरी नेमकी दाखवता येते. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या दुसऱ्या गाजलेल्या ऑनलाइन गेममध्ये डिसेंबर 2009 मध्ये ग्रुप आपोआप जुळवणारी सोय आली. त्याआधी डेडमाइन्स नावाच्या डंजनमध्ये जायचं तर चॅटवर हाका घालायच्या, जखमा भरून काढणारा हीलर शोधायचा, सगळ्यांनी वेस्टफॉलच्या शेतांमधून चालत दारापर्यंत यायचं. कधी तासभर त्यातच जायचा. सोय आली तशी ती हवीहवीशी वाटली, मीही ती आनंदाने वापरली, हे कबूल करतो. पण ती वेगवेगळ्या सर्व्हरवरचे, म्हणजे गेमच्या जगाच्या वेगवेगळ्या प्रतींमधले, खेळाडू एकत्र आणायची, म्हणजे आज भेटलेला माणूस उद्या भेटेलच असं नाही. पूर्वी एकाच सर्व्हरवर राहायचं म्हटल्यावर नाव जपावं लागायचं. कुणी लूट पळवली तर आठवडाभरात सगळ्या गिल्डना, म्हणजे खेळाडूंच्या टोळ्यांना, कळायचं, आणि कुणी तुझ्यासारखं जंगलाच्या कडेला थांबलं तर तेही कळायचं.

तू म्हणशील, हा सगळा जुन्या दिवसांचा गहिवर आहे. मलाही काही काळ तसंच वाटायचं. पण रूनस्केप या आणखी एका जुन्या ऑनलाइन गेमचं बघ. 2012 च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी लढाईची पद्धत मुळापासून बदलली आणि लोक सोडून जाऊ लागले. मग कंपनीने ऑगस्ट 2007 च्या जपून ठेवलेल्या प्रतीवरून जुना गेम पुन्हा सुरू करायचा का, यावर मतदान घेतलं. साडेचार लाखांच्या आसपास मतं पडली आणि फेब्रुवारी 2013 मध्ये ओल्ड स्कूल रूनस्केप सुरू झाला. नुसता गहिवर असता तर दोन-तीन महिन्यांत ओसरला असता. तो गेम आजही जोरात चालू आहे, आणि नवी भर घालायची तर आधी खेळाडूंची मतं घेतली जातात. पुरेशी मतं पडली नाहीत तर ती गोष्ट येत नाही. गेम आपला आहे असं वाटण्यात या मतदानाचा वाटा फार मोठा आहे.

आणि तो गेम काही दयाळू नाही. एखादं कौशल्य 99 लेव्हलला न्यायला 1,30,34,431 अनुभवगुण लागतात, आणि त्यातला निम्मा पल्ला तू 92 व्या लेव्हलला गाठलेला असतोस! तिथे झाड तोडत उभं राहायचं, मधून मधून एक क्लिक करायचा. बाहेरून बघणाऱ्याला यात काय गंमत ते कळणार नाही. पण हात रिकामे, तोंड मोकळं, आणि शेजारी दुसरा लाकूडतोड्या. मग गप्पा होतात. कुणाची लेव्हल वाढली की डोक्यावर आतषबाजी उडते आणि आजूबाजूचे अनोळखी लोक शाबासकी देतात.

वॉरक्राफ्टचा क्लासिक, म्हणजे त्याच गेमचं जुनं रूप, ऑगस्ट 2019 मध्ये पुन्हा सुरू झाला तेव्हाचं एक दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. पहिल्याच दिवशी इतकी गर्दी की क्वेस्टमधला, म्हणजे नेमून दिलेल्या कामगिरीतला, एकच राक्षस मारायला पन्नास जण हजर. आणि लोकांनी रांग लावली! गेममध्ये रांगेचा नियम नाही, कुणी सांगितलं नव्हतं, तरी एकामागे एक उभे. राक्षस उगवला की पुढच्याने मारायचा आणि बाजूला व्हायचं. अशी खेळी कुठल्याही डिझायनरला कागदावर मांडता आली नसती. टंचाई होती, म्हणून माणसांना आपसात काहीतरी ठरवावं लागलं.

सगळंच जुनं मला हवंय असं समजू नकोस. क्लासिकमध्येसुद्धा काही महिन्यांत लोक हिशेब मांडून घाईने खेळायला लागले. ज्याच्या घरी लहान मूल आहे त्याने ग्रुपसाठी दोन तास वाट बघत बसावं, हेही मला पटत नाही. आपली वयं आणि वेळ बदललीय हे खरंच आहे. फक्त बनवणाऱ्यांनी वाट बघणं काढून टाकताना त्यासोबत काय चाललंय ते पाहिलं नाही, याचं मला मनापासून दुःख आहे.

मी एव्हरक्वेस्ट खेळतो तो चाहत्यांनी 2009 पासून चालवलेला सर्व्हर आहे, प्रोजेक्ट 1999. मूळ गेमच्या मालकांनी 2015 मध्ये त्याला रीतसर परवानगीही दिली. जुन्या काळातले सगळे नियम तसेच ठेवलेत, प्रेतासकट. तिथले बरेच जण माझ्यापेक्षा खूप लहान आहेत, 1999 त्यांच्या आठवणीतसुद्धा नाही.

गेल्या आठवड्यात मी ड्रूइड, म्हणजे निसर्गाचे मंत्र म्हणणारं पात्र, बनवला. चौदाव्या लेव्हलला लांडग्याचा मंत्र मिळाला, तसा तडक किथिकॉरच्या कडेला जाऊन बसलो. मध्यरात्री एक जण रिकाम्या हातांनी धावत आला, जंगलात शिरणारच होता. त्याच्यावर मंत्र टाकला आणि लिहिलं, "आत्ता आत जाऊ नकोस. उजाडू दे."

तो बसला. म्हणाला, किती वेळ? मी म्हटलं, वीसेक मिनिटं.

शनिवारी रात्री मी तिथेच असेन. कुठलंही पात्र बनव, पहिल्या लेव्हलचं असलं तरी चालेल. मी तुला घ्यायला येईन.

तुझा,
तोच योद्धा